जेलीफिन, आठ महिने: शिवाजी पेठेतून गगनबावड्याला

पुतण्या इथं कोल्हापुरात तालमीत असतो. त्याच्या कुस्त्या मी मोबाईलवर काढतो आणि आबांना त्या गावी बघायच्या असतात. गाव गगनबावड्याकडे, टॉवरच्या दोन कांड्या, पावसाळ्यात एकच. एवढ्यासाठी घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन टाकलं, म्हणजे आपले व्हिडिओ नेटवरून दुसरीकडं दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, सर्व्हर (व्हिडिओ पाठवणारा संगणक) आपल्या घरात राहतो. ब्रॉडबँडला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, नसल्यानं टेलस्केल या खाजगी नेटवर्क जोडणाऱ्या सेवेतून जोडलं, तिथं त्रास झाला नाही.

त्रास झाला तो फाईलचा. मोबाईलचा १०८०पी व्हिडिओ सुमारे १७ एमबीपीएसचा (सेकंदाला १७ मेगाबिट) आणि माझं अपलोड १०. म्हणजे फाईल पेठेतनं बाहेर पडतानाच अडकायची. अ‍ॅपमध्ये बिटरेटची (सेकंदाला किती बिट जातात त्याची) मर्यादा १ एमबीपीएसवर आणली, तर सर्व्हर जागच्या जागी व्हिडिओ लहान करायला बसला. जुन्या प्रोसेसरला ते झेपेना. इथं पंखा घोंघावायचा, तिकडं आबांसमोर चक्र फिरत राहायचं.

मग एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरनं रात्रीच लहान प्रत करून ठेवायला लागलो: एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), ४८०पी, सरासरी ८०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), आवाज ६४. दहा मिनिटांची कुस्ती सव्वा जीबीवरून ६५ एमबीवर आली. ही फाईल आहे तशी जाते, प्रोसेसरला काम राहत नाही. एच.२६५ या नव्या पद्धतीत आणखी लहान झाली असती, पण आबांचा टॅब जुना, त्याला ते चालत नाही. मग सर्व्हर पुन्हा रूपांतराला बसणार, म्हणून तो नाद सोडला.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो लाल मातीनं. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, बहुतेक फ्रेममध्ये मागच्यापेक्षा काय बदललं तेवढंच साठवतो. पैलवान खडाखडी करत, म्हणजे उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेत असतात तोवर थोडक्यात भागतं. डाव लागला की माती उडते, कण न कण हलतो आणि मागच्या फ्रेमचा उपयोग राहत नाही. मी ५०० केबीपीएसवर उतरलो होतो. पुतण्यानं ढाक हा डाव मारला आणि नेमके तिथंच चित्राचे चौकोन झाले. आबांचा फोन आला, "अरं, पाठ टेकली का न्हाई तेच दिसंना!"

बिट वाचवायला सेकंदाला फ्रेम ३० वरून १५ केल्या, तर डावच मधनं तुटला. त्या परत ३० केल्या. शेवटी दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग लावलं. पहिल्या फेरीत ते कुस्ती नुसती तपासतं, दुसऱ्या फेरीत खडाखडीतले वाचलेले बिट डावाला देतं. वरची मर्यादा १.२ एमबीपीएस ठेवली, नाहीतर डावाच्या वेळी गावचं नेटवर्क दम सोडतं. ७२०पीचा मोह मी मुद्दाम टाळला. एवढ्या बिटांत मोठं चित्र मातीत हमखास फुटतं.

जुलैत वीज आणि नेटवर्क दोन्ही जातं, तेव्हा सर्व्हर काही करू शकत नाही. म्हणून आबा आता पहाटे रेंज असताना फाईल अ‍ॅपमध्ये उतरवून घेतात आणि दुपारी निवांत बघतात. गेल्या रविवारी दुपारीच फोन आला, "ढाक लावताना त्येचा डावा पाय मागं राहतोय. सांग त्येला."