घरात फौजी श्वान हवाय? मॅलिनॉइसचं पिल्लू, रिटायर्ड स्निफर, कारवानी की रोबो

१५ जानेवारी २०२५ला आर्मी डेची परेड पुण्यात झाली, खडकीला बीईजी सेंटरच्या मैदानावर, आणि त्यात चार पायांचे रोबो जवानांबरोबर संचलन करत गेले, ते टीव्हीवर बघून माझ्या भाच्याचा त्याच रात्री फोन आला की मामा, घरात एक फौजी पाळायचाच आहे, रोबो घेऊ का मॅलिनॉइस घेऊ. भाचा वाकडला राहतो, टू बीएचके, नवरा-बायको दोघंही नोकरीला, सकाळी साडेनऊला घराला कुलूप. हाच प्रश्न त्याच्या आधीही आणि नंतरही बऱ्याच जणांनी विचारलाय, कारण आमच्याकडे एक रिटायर्ड स्निफर, म्हणजे वासावरून स्फोटकं शोधणारी, लॅब्राडॉर आहे आणि लोकांना वाटतं याला सगळं माहीत असणार. सगळं नाही माहीत, पण कुत्र्यांबरोबर वीस-बावीस वर्षं काढलीत, तेवढ्यावर लिहितो.

मत आधीच सांगून टाकतो. फौजी श्वान पाळायचा असेल तर नोकरी करून आलेला पाळा, नोकरीसाठी जन्मलेलं पिल्लू फ्लॅटमध्ये आणू नका.

मॅलिनॉइसपासून सुरू करतो कारण क्रेझ त्याचीच आहे. बेल्जियममधल्या मालीन शहरावरून नाव पडलं, मूळचा मेंढपाळांचा कुत्रा, नर २५ ते ३० किलोचा, म्हणजे जर्मन शेफर्डपेक्षा हलका आणि बराच चपळ, म्हणूनच आज कितीतरी देशांच्या सैन्याची पहिली पसंती. २०११ला अबोटाबादला ओसामाच्या घरावरच्या कारवाईत अमेरिकन सील्सबरोबर जो श्वान होता, कायरो, तो मॅलिनॉइसच. आपल्याकडे सीआरपीएफने बंगळुरूजवळ तरळूच्या त्यांच्या शाळेत हे नक्षली भागासाठी तयार केले. आणि काश्मीरमध्ये सैन्याचे अ‍ॅक्सेल आणि झूम. अ‍ॅक्सेल जुलै २०२२ला बारामुल्लात मारला गेला, झूम त्याच वर्षी ऑक्टोबरात, अनंतनागला अतिरेकी लपलेल्या घरात त्याला आधी सोडलं होतं, दोन गोळ्या लागल्या तरी मागे हटला नाही, १३ ऑक्टोबरला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला, वय जेमतेम दोन वर्षं. दोघांनाही मरणोत्तर मेन्शन इन डिस्पॅचेस हा शौर्याबद्दलचा लष्करी सन्मान मिळाला. ती बातमी वाचताना मला रडू आवरलं नव्हतं.

पण आता असं बघा, गोळी लागूनही जो मागे हटत नाही तोच स्वभाव तुमच्या हॉलमध्ये येणार आहे. तो काही ट्रेनिंगने वरून चिकटवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून रक्तातच उतरवलाय, ट्रेनिंग फक्त त्याला दिशा देतं. दिशा नाही मिळाली तर तो जोर कुठेतरी निघणारच. हडपसरला माझ्या एका मित्राने पाचव्या मजल्यावर मॅलिनॉइस आणला होता. सात महिन्यांचा असताना मी बघायला गेलो तर दाराच्या चौकटीचं लाकूड खालपासून माझ्या गुडघ्यापर्यंत कुरतडलेलं, आणि तो पोरगा हॉलमध्ये कशामागे धावत होता तर गॅलरीच्या काचेतून फरशीवर पडलेल्या उन्हाच्या कवडशामागे, कवडसा हलला की झडप, परत हलला की परत झडप, जीभ लोंबतेय, पाण्याचं भांडं पुढ्यात ठेवलं तरी त्याच्याकडे बघेना. मित्र म्हणाला, अरे खेळतोय तो. तो खेळत नव्हता, त्याला काम नव्हतं म्हणून त्याने स्वतःच एक काम शोधलं होतं आणि त्यातून त्याला बाहेर येता येत नव्हतं. मित्राचं प्रेम कमी नव्हतं हो, सकाळ-संध्याकाळ तासभर चालवायचा, पण नुसतं चालणं या कुत्र्याला पुरत नाही, त्याला रोज डोकं लावायला लागतं, वास शोधणं, पकडणं, सोडणं, हुकूम पाळणं, आणि हे दोन-अडीच तास, पावसाळा असो की तुमचा ताप असो. शेवटी चौदा महिन्यांचा असताना मावळातल्या एका शेतावर दिला, तिथे तो आता बरा आहे. ज्यांच्याकडे जागा आहे, आधी दोन-तीन मोठे कुत्रे नीट हाताळलेत आणि श्वानखेळांत स्वतःला रस आहे, त्यांनी मॅलिनॉइस जरूर घ्यावा, त्याच्यासारखा सोबती नाही. बाकीच्यांनी नको. पहिला कुत्रा म्हणून तर नकोच.

जर्मन शेफर्डचं थोडक्यात सांगतो, मॅलिनॉइसपेक्षा सांभाळायला सोपा, माणसांत रमणारा, पण अंगावर दाट केस असल्याने आपल्या एप्रिल-मेमध्ये हाल होतात आणि मागच्या खुब्यांचा त्रास या जातीत फार, आई-बापाचे एक्स-रे दाखवत नसेल त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.

आता रिटायर्ड श्वान. आधी एक गोष्ट माहीत असायला हवी. आपल्या सैन्यात पूर्वी काम होईनासं झालं की श्वानाला इंजेक्शन देऊन झोपवायचे, कायमचं. २०१५च्या सुमारास माहिती अधिकारातून हे उजेडात आलं, दिल्ली हायकोर्टात गेलं, सरकारला धोरण बदलायला लागलं आणि आता मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या पशुवैद्यकीय विभागाच्या केंद्रात निवृत्त श्वानांना सांभाळतात, दत्तकही देतात. २०२४ला २२ आर्मी डॉग युनिटचा मेरू फर्स्ट एसीच्या बर्थवर पांघरूण घेऊन झोपून मेरठला निघाला होता तो फोटो आठवत असेल, तो रिटायर होऊन तिकडेच चालला होता. अमेरिकेत हाच बदल २०००च्या कायद्याने झाला. तिकडे असणाऱ्यांसाठी अजून एक, टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला लॅकलँडच्या लष्करी तळावर जन्मलेली मॅलिनॉइसची पिल्लं काही महिने आसपासच्या कुटुंबांत वाढवायला देतात आणि मग ती ट्रेनिंगला परत जातात, आपली बरीच मराठी मंडळी त्या भागात आहेत, पिल्लाची हौस आणि देशाचं काम दोन्ही होतं.

आणि आपल्या मुंबईने तर या श्वानांचं ऋण कधी विसरू नये. १९९३च्या स्फोटांनंतर झंजीर नावाच्या मुंबई पोलिसांच्या लॅब्राडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं, किती जीव वाचले असतील ते मोजता येणार नाही, तो २०००मध्ये कॅन्सरने गेला. २६/११ला काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे रिटायर झाल्यावर विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले, शेवटचा सीझर २०१६च्या ऑक्टोबरमध्ये गेला. म्हातारपणी झोपायला गवत, उन्हाला सावली आणि ओळखीची माणसं, एवढंच लागतं त्यांना.

आमची जिप्सी आली तेव्हा नऊ वर्षांची होती, स्फोटकांवरची स्निफर. पहिले दहा दिवस ती कोपऱ्यातच बसायची, सांगितल्याशिवाय खायची नाही, रात्री दोनला उठून दारापाशी जाऊन उभी राहायची, बहुतेक तिची ड्यूटीची वेळ असावी. हळूहळू सुटली. पहिल्या दिवाळीला बायकोने फटाक्यांची पिशवी चपलांच्या कपाटाशेजारी ठेवली आणि आम्ही सगळे फराळाच्या गडबडीत. जिप्सी चालत आली, पिशवीभोवती नाक फिरवलं, आणि पिशवीसमोर ताठ बसली. भुंकली नाही, हात लावला नाही, फक्त एकदा पिशवीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं ऊठ, तर उठेना. बिस्कीट दाखवलं, तरी नाही. घाबरून तिच्या हँडलरला फोन लावला, साताऱ्याकडचा जवान, आता त्याच्याकडे दुसरा श्वान आहे, तो शांतपणे म्हणाला, “साहेब, बॉल द्या तिला. तिनं माल शोधलाय, बॉल मिळाल्याशिवाय ती नाय उठायची.” बॉल दिला तर अशी काय शेपटी हलवली, पिल्लासारखी उड्या मारत घरभर फिरली. आयुष्यभर तिच्यासाठी बॉम्ब म्हणजे बॉल होता. तेव्हापासून दर रविवारी घरात कुठेतरी फटाक्यांच्या दोन टिकल्या असलेली डबी लपवतो, ती शोधते, बसते, बॉल घेते, वीस मिनिटांत खूश. मॅलिनॉइसच्या पिल्लाला जे अडीच तास रोज लागतात ते इथे आठवड्यातून वीस मिनिटं आणि रोजच्या दोन निवांत फेऱ्या.

त्रासाची बाजूही सांगायला हवी. असा श्वान साधारण आठ ते दहा वर्षांचा होऊन येतो, म्हणजे तुमच्या वाट्याला तीन-चार वर्षं, नशीब असेल तर पाच. सांधे दुखतात, दात झिजलेले असतात, लॅब असेल तर वजन भराभर वाढतं. माझा महिन्याचा खर्च सात हजारांच्या आसपास जातो, त्यातला तिसरा भाग औषधांचा. काही श्वान मोठ्या आवाजाला दचकतात, कुणी एकदम मागून हात लावला तर वळून दात दाखवतात, विशेषतः पकडायला शिकवलेले. लहान मूल घरात असेल तर वास घेणारा श्वान मागा, हल्ला करणारा नको. आणि मागितला की मिळाला असं नाही, अर्ज करायचा, थांबायचं, ते तुमचं घर, कुटुंब सगळं विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे.

कारवानी कुत्र्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण आपला आहे. सोलापूर, सांगली, लातूरकडे कारवानी म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, त्यातले मालोजीराव घोरपडे यांनी याची जोडी इंग्लंडच्या राजाला दिली होती, २००५ला टपाल तिकीटही निघालं, आणि २०१६ला मेरठला सैन्याने ट्रेनिंगसाठी मुधोळ घेतले. उन्हाला काटक, आजारपण कमी, खाणंही आटोपशीर, खर्चाच्या बाजूने बघितलं तर या सगळ्यांत हाच स्वस्त. पण हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे, मांजर किंवा कोंबडी दिसली की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून पट्टा सोडून शहरात फिरवता येत नाही, आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. गावाकडे वाडा, शेत, कुंपण असेल तर मी डोळे मिटून कारवानी सांगेन.

आणि रोबो. परेडमधले रोबो बाजारात मिळणारे नाहीत, घरासाठी मिळतो तो युनिट्रीचा गो टू वगैरे, साधारण १५ किलो वजन, साध्या बॅटरीवर तास-दोन तास चालतो. मी एका प्रदर्शनात चालवून बघितलाय, जिना चढतो, लाथ मारली तरी सावरतो, बघायला भारीच. ज्याला प्रोग्रॅमिंग शिकायचंय त्याच्यासाठी उत्तम. सोबत म्हणून माणूस त्यात जीव लावतो का, तर लावतो, जपानमध्ये सोनीने १९९९ला आयबो नावाचा रोबो कुत्रा काढला, २०१४ला जुन्या आयबोंची दुरुस्ती बंद केली, तेव्हा लोकांनी चिबाकडच्या एका बौद्ध देवळात नेऊन त्यांचे अंत्यविधी केले. त्या माणसांचं दुःख मला खरं वाटतं. ज्यांना केसांची अ‍ॅलर्जी आहे, किंवा वय झाल्यामुळे कुत्र्याचा पट्टा आता हातात धरवत नाही, त्यांना मी रोबोला नाही म्हणणार नाही. पण भाच्याला नाही म्हटलं, कारण त्याला संध्याकाळी दार उघडल्यावर कुणीतरी दारात हवं होतं.

त्याचं साडेनऊ ते सातचं कुलूप बघता रिटायर्ड श्वानसुद्धा एकटा ठेवणं मला पटलं नव्हतं. आता त्याच्या बायकोचं तीन दिवस घरून काम सुरू झालंय आणि उरलेले दोन दिवस श्वान माझ्याकडे सोडायचं ठरलंय, म्हणून अर्ज टाकलाय, वास घेणारी मादी मागितलीय. अर्ज मंजूर होऊन श्वान ताब्यात मिळेल त्या दिवशी फाइल नुसती सही करून घेऊ नका. हँडलरला बाजूला घेऊन बसा आणि विचारा, कुठले शब्द वापरता, बॉल कुठला, जेवण किती वाजता, कशाला दचकते, झोपताना काय लागतं. शक्य असेल तर त्याच्या जुन्या शर्टाचा एक तुकडा मागून घ्या. जिप्सीच्या गादीखाली तो अजून आहे, आम्ही धुतलेला नाही.