गाझाच्या मदतीसाठी खासदारांना काय लिहायचं: मित्राशी बोला की यूएनमध्ये मत द्या?

फोंड्यातल्या आमच्या मंडळात निवेदनाचं घोडं एकाच जागी अडलंय, गाझात मदत पोचावी म्हणून दिल्लीने इस्रायलशी मित्र म्हणून आतून बोलावं असं मागायचं की यूएनमध्ये उघड मत द्यावं असं?

मी मित्राशी बोलण्याच्या बाजूचा, पण त्याला अट हवी.

वास्कोवाल्यांना सांगायला नको, क्रेन नसली की जहाज धक्क्याला लागूनही माल उतरत नाही. येमेनच्या होदेदा बंदरातल्या क्रेन 2015 मध्ये सौदी आघाडीच्या हवाई हल्ल्यात गेल्या, मग अमेरिकेच्या पैशातून यूएनच्या वर्ल्ड फूड प्रोग्रामने चार नव्या घेतल्या तर जानेवारी 2017 मध्ये त्या घेऊन येणारं जहाज त्याच आघाडीने परत पाठवलं, आणि लोक उपाशी असताना क्रेन वर्षभर बाहेर पडून राहिल्या. शेवटी वॉशिंग्टनने दोस्तावर जोर लावला, डिसेंबर 2017 मध्ये ट्रम्पनी अन्न-इंधन आत सोडा असं जाहीर सांगितलं, जानेवारी 2018 मध्ये क्रेन पोचल्या.

गाझातही तेच दिसलं. एप्रिल 2024 मध्ये वर्ल्ड सेंट्रल किचन या अन्न वाटणाऱ्या संस्थेचे सात जण इस्रायली हल्ल्यात मारले गेल्यावर बायडेननी नेतन्याहूंना फोनवर स्पष्ट सुनावलं तेव्हा त्याच रात्री इस्रायलने उत्तर गाझात जायचं एरेझ नाकं उघडायचं कबूल केलं. पण ऑक्टोबरमध्ये रोज 350 ट्रक सोडा, 30 दिवस देतो असं अमेरिकेचं पत्र इस्रायलला गेलं, मुदत संपली, आकडा गाठला नाही, तरी अमेरिकेची शस्त्रं थांबली नाहीत. मग कोण ऐकणार?

यूएनचा फायदा म्हणजे कागद पक्का. सुरक्षा परिषदेच्या 2014 च्या ठरावाने सीरियात तिथल्या सरकारच्या परवानगीशिवाय चार नाक्यांतून मदत जायची सोय झाली, पण रशियाच्या व्हेटोच्या धाकाने 2020 मध्ये एकच नाकं उरलं आणि जुलै 2023 मध्ये तेही व्हेटोनेच गेलं. महासभेतलं मत तर बंधनकारकच नाही. तरी ते मागाच, नोंद राहते.

विमानातून पाकिटं टाकणं सोडून द्या, ट्रकइतका माल त्यात मावत नाही.

भारताने ऑक्टोबर 2023 मध्ये 38 टन सामान पाठवलं, ते इजिप्तच्या अल-अरीशला उतरलं, पुढचं गाझात शिरायचं गेट दिल्लीच्या हातात नव्हतं. म्हणून निवेदनात नाक्याचं नाव, रोजचे ट्रक, तारीख आणि नाही झालं तर दिल्ली काय थांबवणार, हे चारही लिहा. शेवटचं गाळा म्हणून सांगतील, गाळू नका.