जे-१ व्हिसावर अमेरिकेत येताय? दूतावासाच्या नावाने येणाऱ्या फोनपासून सांभाळा

संशोधनासाठी, शिकवण्यासाठी किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून जे-१ व्हिसावर अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनीही. मी अकोल्याहून इथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आले आणि पहिला हिवाळा सरता सरता माझे १२०० डॉलर गेले. ते परत मिळालेले नाहीत. पण ते कसे काढून घेतले गेले हे आता मला नीट कळलंय, आणि ते सगळ्यांना माहीत असायला हवं.

फोन दुपारी आला. स्क्रीनवर वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाचा नंबर होता. पलीकडचा माणूस आधी इंग्रजीत, मग हिंदीत बोलू लागला. आदबीने, मला ‘बेटा’ म्हणत. माझं नाव, विद्यापीठ, विभाग त्याला ठाऊक होतं. म्हणाला, तुमच्या आय-९४ मध्ये (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) चुकीची माहिती नोंदली गेलीय, इमिग्रेशनने आमच्याकडे तक्रार पाठवलीय, आज संध्याकाळपर्यंत निकाली निघाली नाही तर अटक आणि मग डिपोर्ट. शंका असेल तर नंबर इंटरनेटवर तपासा, असंही तोच म्हणाला. मी तपासला. नंबर खराच होता.

मग त्याने फोन एका ‘इमिग्रेशन ऑफिसर’कडे दिला. या माणसाने बॅज नंबर सांगितला आणि विचारलं, तुमच्याकडे डीएस-२०१९ (जे-१ साठीचं पात्रतापत्र) आहे ना? त्यावर एन अक्षराने सुरू होणारा सेव्हिस नंबर (परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक) आहे ना? माझ्या कागदांची इतकी माहिती बाहेरच्या माणसाला कशी असेल, असं वाटून माझे हातपाय गार पडले.

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. त्याला माझ्याबद्दल जे ‘माहीत’ होतं, ते जे-१ वरच्या प्रत्येकाला लागू पडतं. डीएस-२०१९ सगळ्यांकडे असतो, आय-९४ सगळ्यांचा असतो, सेव्हिस नंबर सगळ्यांचाच एनने सुरू होतो. नाव आणि विभाग विद्यापीठाच्या वेबसाइटवर फोटोसकट असतात. आणि स्क्रीनवर कुणाचाही नंबर दाखवता येतो, त्याला स्पूफिंग म्हणतात. दूतावासाच्या नंबरांचा असा वापर होतोय, अर्जांतल्या चुका सांगून पैसे मागितले जाताहेत, अशी सूचना खुद्द वॉशिंग्टनच्या दूतावासाने २०१८ मध्ये काढली होती. ती इथे येण्याआधी मला कुणीच दाखवली नव्हती.

पुढचं सगळं मला एकटं पाडण्यासाठी होतं. केस गोपनीय आहे, कुणाला सांगितलंत तर तेही अडकतील, फोन क्षणभरही कट करायचा नाही. फोन खिशात चालू ठेवून मला दुकानात नेलं. कॅशियर विचारेल तर ‘नातेवाइकांना भेट द्यायची आहे’ म्हणायचं, हेही पढवलं होतं. आणि तिने खरंच विचारलं. दंड म्हणून १२०० डॉलरची गिफ्ट कार्डं घेतली, मागची पट्टी खरवडून आकडे वाचून दाखवले. आकडे सांगितले की पैसे गेलेच, कार्ड आपल्या हातात असलं तरी काही उरत नाही. मग ‘जामीन’ म्हणून आणखी रक्कम मागितली, वडिलांकडून मागवा म्हणाला. मी रडत प्रयोगशाळेत परतले. तिथल्या सहकारी मुलीने माझ्या हातातून फोन घेतला, कट केला आणि मला थेट इंटरनॅशनल ऑफिसमध्ये घेऊन गेली.

तिथल्या अधिकारी बाईंनी माझं सेव्हिस रेकॉर्ड उघडून दाखवलं. सगळं व्यवस्थित होतं. आय-९४ हा अमेरिकेच्या सीबीपी या सीमा आणि कस्टम्स खात्याचा कागद, भारतीय दूतावासाचा त्याच्याशी संबंधच नाही. तो त्यांच्या वेबसाइटवर आपला आपल्याला बघता येतो, आणि चूक असलीच तर ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. कॅम्पस पोलिसांनी तक्रार घेतली, केस नंबर दिला. मला वाटत होतं पोलिसांकडे गेलं की व्हिसावर येईल. त्यांनी व्हिसाचा विषयही काढला नाही.

हे फोन करणारे आपल्याच भाषेत, आपल्याच लहेजात बोलतात, तेव्हा बोलण्यावरून पारख करायला जाऊ नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते. तिथली मुलं अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी बनून अमेरिकेतल्या लोकांना अटकेची भीती घालत होती. ७०० च्या आसपास लोक ताब्यात घेतले गेले होते. आपल्या शेजारच्या इमारतीतून हा धंदा चालत होता, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून कळकळीने सांगते. असा फोन आला की काही न बोलता ठेवा. उद्धट वाटेल, वाटू द्या. मग स्वतः नंबर शोधून, स्वतः फिरवून तुमच्या डीएस-२०१९ वर ज्यांची सही आहे त्या रिस्पॉन्सिबल ऑफिसरला (जे-१ चं काम बघणारा अधिकारी) विचारा. तुमचं स्टेटस खरोखर धोक्यात असेल तर ते त्यांना आधी कळेल. त्यांच्याकडून उत्तर मिळत नसेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जे-१ साठी हेल्पलाइन आहे, १-८६६-२८३-९०९०. हा नंबर आजच फोनमध्ये ठेवा. अमेरिकेचं कुठलंही सरकारी खातं गिफ्ट कार्डात दंड घेत नाही.

पैसे गेलेच असतील तर कार्ड आणि पावती फेकू नका, त्याच क्षणी कार्डाच्या कंपनीला फोन करा. कधीकधी शिल्लक गोठवता येते. सोशल सिक्युरिटी नंबर सांगून बसला असाल तर इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा (म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढणं अवघड होतं), २०१८ पासून ते मोफत आहे. तक्रार एफटीसी या अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर नोंदवा.

आणि घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. ‘तुमच्या मुलीला अटक झालीय, पैसे पाठवा’ असा फोन गावाकडेही जाऊ शकतो, तोही नेमका इथे रात्र असताना, आपण झोपेत फोन उचलत नसताना. आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. तो सांगितल्याशिवाय बाबा कुणालाही एक रुपया पाठवणार नाहीत. आणि भारतातून पैसे गेलेच, तर त्यांनी लगेच १९३० या भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.