बंद पडलेलं एचपीएलसी: स्वतः उघडायचं की इंजिनिअर बोलवायचा?

सांगलीत हळदीतलं कुरकुमिन नेमकं मोजायचं तर एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, हवंच. म्हणूनच एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं प्लास्टिकखाली झाकलेलं मशीन दिसलं की जीव हळहळतो.

इंजिनिअर बोलावला तर पंपाचा फ्लो आणि डिटेक्टरची (घटक प्रकाशाने टिपणाऱ्या भागाची) तरंगलांबी तपासून कॅलिब्रेशनचा कागद हातात मिळतो. पण येण्याजाण्याचा खर्च वेगळा, सुट्या भागांचं बिल वेगळं. त्यात जुन्या मॉडेलचे पार्ट मिळेनासे झाले असतील तर काम अडलंच.

स्वतः करायचं तर घाई नको. पंप थेट चालू करू नका. आत बफर (क्षारांचं द्रावण) राहिलं असेल तर प्लंजरवर (पंपात मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावर) क्षारांचे पांढरे स्फटिक धरलेले असतात, आणि पंप फिरू लागला की ते सील ओरबाडतात. आधी पंप हेड उघडा, प्लंजर कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसा, सील नवे घाला. चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) चिकटले असतील तर आयसोप्रोपेनॉलमध्ये सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करा. कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) काढून तिथे युनियन (नळ्यांचा साधा जोड) जोडा आणि गाळलेलं पाणी मिनिटाला ०.२ मिली सोडा. मिथेनॉल त्यानंतरच, आधी सोडलं तर उरलेले क्षार नळ्यांतच साका धरतात. दाब स्थिर झाला की समजा, अवघड टप्पा पार पडला.

विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलसाठी मी स्वतः करण्याच्याच बाजूचा. निर्यातदाराला रिपोर्ट द्यायचा असेल तर मात्र इंजिनिअर हवाच. आणि डिटेक्टरच्या वीजपुरवठ्याला तर आपण हातच लावू नये.