‘लूओमाइ’ की ‘हेआउतोन’?
प्राचीन ग्रीकमध्ये क्रिया स्वतःकडे वळवायच्या दोन वाटा. ‘लूओमाइ’ म्हणजे मी अंघोळ करतो. इथे सर्वनाम नाहीच. ‘-ओमाइ’ या प्रत्ययातच ‘स्वतः’ मुरलेला. संस्कृत शिकलेल्याला आत्मनेपद, म्हणजे क्रियेचं फळ कर्त्याकडेच येतं असं क्रियापदाचं रूप, आठवेल, आणि नातं खरंच सख्खं आहे. अंघोळीसारख्या रोजच्या कामांना हीच वाट.

पण जे सहसा दुसऱ्यावर घडतं ते स्वतःवर ओढवून घ्यायचं, तर सर्वनाम लागतं: ‘आपेक्तेइनेन हेआउतोन’, त्याने स्वतःला ठार केलं. डेल्फीच्या मंदिरावरचं ‘ग्नोथि सेआउतोन’, स्वतःला ओळख, याच जातीचं. ‘सेआउतोन’मध्ये ‘से’ (तुला) आणि ‘आउतोन’ (स्वतः) जोडले गेलेत. आद्य ग्रीक कवी होमरकडे ते अजून सुटेच. ‘आम्हा स्वतःला’ मात्र अॅथेन्सकरही दोन शब्दांतच म्हणत. मला प्रत्ययाची वाट जास्त आवडते, पाठांतरात तिने कितीही छळलं तरी.