‘रिड्यूस्ड बाय’ की ‘रिड्यूस्ड टू’?

शिवाजी चौकाजवळ चपलांचं दुकान असलेला भाचा परदेशी गिऱ्हाइकाला भाव उतरल्याचा इंग्रजी मेल लिहिताना अडला. “मामा, ‘बाय’ लिहू का ‘टू’?”

अर्थाने बघ. जोड १२०० रुपयांचा. ‘रिड्यूस्ड बाय ३००’ म्हणजे ३०० उतरले, भाव ९००. ‘रिड्यूस्ड टू ३००’ म्हणजे भावच ३००! एका शब्दात जोडामागं ६०० चा खड्डा, भावा.

वाचणाऱ्याचे कष्ट? ‘टू’मध्ये अंतिम आकडा आयता मिळतो, ‘बाय’मध्ये जुना भाव आठवून वजाबाकी करावी लागते.

टक्क्यांत मात्र ‘बाय’ फार फसवतं. हजारापर्यंतच्या चपलांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. याला ‘बाय ७ पर्सेंट’ म्हणणं चूक. ‘७ पर्सेंटेज पॉइंट्स’ (दोन टक्क्यांमधला सरळ फरक) म्हणायचं. टक्क्यांतच सांगायचं तर घट सुमारे ५८ टक्के. इथं ‘फ्रॉम १२ पर्सेंट टू ५ पर्सेंट’ सरळ. ‘रिडक्शन’ हे नाम वापरलंस तर किती घटलं ते सांगायला ‘रिडक्शन ऑफ ३००’, पण काय घटलं ते सांगायला ‘रिडक्शन इन प्राइस’.

दरपत्रकात, बिलात ‘टू’ लिही. सवलत किती दिली हे मिरवायचं असेल, सेलची पाटी लावायची असेल, तर ‘बाय’.