एसएनडीटी: चर्चगेट, जुहू की पुणे?

मुंबईत एखादीने ‘एसएनडीटीला प्रवेश घेतेय’ असे सांगितले की ऐकणारा बहुधा चर्चगेट गृहीत धरतो; तो सांताक्रूझ-पार्ल्याकडचा असला तर जुहू, आणि पुण्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर थेट कर्वे रस्ता येतो. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची ही तीन मुख्य संकुले एकाच नावाखाली नांदत असली, तरी त्यांना एकाच दुकानाच्या तीन शाखा समजून चालत नाही, कारण एका ठिकाणी जे शिकवले जाते ते बहुतेक वेळा दुसऱ्या ठिकाणी शिकवलेच जात नाही. आपल्याकडे सर्वांत आधी विचारला जाणारा ‘घराजवळचे कोणते?’ हा प्रश्न म्हणूनच इथे दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो. आधी विषय ठरवावा, मग संकुल आपोआप ठरते, आणि त्यानंतरच गाडीच्या वेळा पाहाव्यात.

ही विभागणी कशी झाली ते समजायला थोडे मागे जावे लागते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळच्या हिंगण्याला नेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि मग आश्रमासाठी लागणाऱ्या जिनसा घेऊन हिंगण्याची वाट पायी तुडवायची, हा त्यांचा नेम होता. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणासाठी त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ हाच विषय निवडला. पुढच्याच वर्षी, जून १९१६ मध्ये, विद्यापीठ उभे राहिले; पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पहिले कुलगुरू र. पु. परांजपे होते. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे आणि इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा ठेवायचा, हे धोरण पहिल्यापासूनचे. विद्यार्थिनी होत्या पाच. एका बाकावर मावेल एवढ्या पटसंख्येच्या या खटाटोपाला विद्यापीठ म्हणण्याचे धाडस कर्व्यांनी केले, ही गोष्ट मला त्यांच्या बाकीच्या कर्तृत्वाहूनही विलक्षण वाटते.

विचार पुण्याचा, पण पैसा मुंबईचा. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला हलले. वैधानिक विद्यापीठ म्हणून मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडावे लागले, म्हणजे तब्बल ३५ वर्षे मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी त्या दर्जावाचून या पदवीवर विश्वास टाकला. ओव्हल मैदानापलीकडे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो, तोही प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने बांधवलेला. दोन गुजराती व्यापाऱ्यांच्या दोन आया दक्षिण मुंबईत पायी जाण्याच्या अंतरावर अशा नांदत आहेत. एकीच्या नावे घड्याळ आहे आणि दुसरीच्या नावे अख्खे विद्यापीठ.

आता तुलनेकडे वळू. चर्चगेटचे संकुल मुख्यालयाचे आहे आणि जागेच्या दृष्टीने तिघांत सर्वांत चिंचोळे. फाटकातून आत शिरले की मोकळे आवार नजरेस पडेल ही अपेक्षा ठेवू नये. इमारती, जिने आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणाऱ्या मुली एवढेच दिसते. मात्र मराठी, हिंदी, गुजराती, संस्कृत, इंग्रजी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि संगीत यांपैकी काही शिकायचे असेल, तर मुंबईत एसएनडीटीचा पत्ता हाच. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालयही इथेच असल्यामुळे पदव्युत्तर अभ्यास किंवा संशोधन करणारीने दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. येथील विभागांना परंपराही भक्कम आहे. संगीत विभागाच्या प्रमुखपदी १९७९ ते १९९२ या काळात प्रभा अत्रे होत्या, आणि मराठी विभागाशी विजया राजाध्यक्षांचे नाव जोडलेले आहे. ज्या पाटकर सभागृहात बाहेरचे लोक तिकीट काढून गाण्याला येतात, ते याच आवारात आहे. विद्यार्थिनीच्या दृष्टीने संकुलाचे खरे आवार भिंतीबाहेर सुरू होते: क्रॉस मैदान, त्याच्या कडेची खाऊगल्ली, चालत जाता येतील अशी ग्रंथालये आणि कलादालने. वर्ग सुटल्यावर शहर वापरायची आवड असलेल्या मुलीला चर्चगेटची अडचण जाचत नाही. ज्या मुलीला झाडाखाली बसून अभ्यास करायचा आहे तिला जाचेल.

जुहूचे संकुल याच्या अगदी उलट प्रकृतीचे आहे. जुहू तारा रस्त्यावरच्या या सर विठ्ठलदास विद्याविहारात मोकळी जागा आहे, वसतिगृह आहे आणि अभ्यासक्रमांचा कल व्यवसायाकडे आहे. १९९७ साली सुरू झालेली, आज उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी अभियांत्रिकी संस्था, सी. यू. शाह औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, जानकीदेवी बजाज व्यवस्थापन संस्था, संगणकशास्त्र, विशेष शिक्षण आणि गृहविज्ञान हे सारे इथे एकत्र आहे. त्यातल्या गृहविज्ञानाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण या नावाने अनेक पालकांची फसगत होते. स्वयंपाक-शिवणाचे वर्ग असा जो समज जुन्या पिढीत आहे त्याच्याशी आजच्या अभ्यासक्रमाचा फारसा संबंध उरलेला नाही. आहार व पोषण, मानव विकास, वस्त्रशास्त्र असे त्याचे फाटे आहेत, आणि रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करू इच्छिणाऱ्या मुलीसाठी तो सरळ रस्ता आहे.

जुहूच्या याच आवारात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आहे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. समाजशास्त्राच्या प्राध्यापक नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा या विषयाचे असे दुसरे केंद्र देशात नव्हते. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये एसएनडीटीनेच मुंबईत भरवली आणि तिच्यातूनच पुढच्या वर्षी या विषयाची अखिल भारतीय संघटना जन्माला आली. एरवी व्यवसायाभिमुख असलेल्या संकुलात हे केंद्र असल्यामुळे होते असे की, समाजशास्त्र किंवा इतिहास घेऊन चर्चगेटला शिकणाऱ्या मुलीला त्याचा पत्ताच नसतो. विषयात रस असेल तर तिने सांताक्रूझपर्यंत जाण्याचा आळस करू नये.

प्रवासाचे गणित दोन्हीकडे वेगळे बसते. चर्चगेट हे पश्चिम रेल्वेचे शेवटचे स्थानक असल्याने परतीला गाडी तिथूनच सुटते आणि चार मिनिटे आधी फलाटावर पोहोचलेल्या मुलीला बसायला मिळते. १९९२ साली पहिली लेडीज स्पेशल धावली तीही चर्चगेट आणि बोरिवलीच्या दरम्यानच. मध्य रेल्वेने येणाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत येता येते, आणि आता भुयारी मेट्रो ३ चे स्थानकही चर्चगेटला आहे. जुहूला मात्र सांताक्रूझला उतरल्यावर काम संपत नाही. पुढे बेस्टची बस किंवा रिक्षा, आणि पावसाळ्याच्या दिवसांत तेवढ्या टप्प्याला कधी किती वेळ लागेल याचा नेम नाही. डोंबिवली-कल्याणच्या मुलीला दादरला गाडी बदलून, पूल चढून, पुन्हा सांताक्रूझहून बस धरून जायचे असेल, तर एका बाजूचे दोन तास धरूनच चालावे. प्रयोगशाळेचे तास सकाळी असणाऱ्या अभ्यासक्रमांत हे रोज निभावणे कठीण जाते, तेव्हा वसतिगृहाची चौकशी प्रवेशानंतर करण्यापेक्षा अर्ज भरतानाच करावी. दक्षिण मुंबईतून जुहूला जाणारीला मात्र सकाळची गाडी उलट्या दिशेची, म्हणजे तुलनेने मोकळी, मिळते.

खर्चाबाबत एक गोष्ट जुहूच्या बाजूने जाते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत हाती असावा लागतो, आणि तो तहसील कार्यालयातून मिळायला लागणारा वेळ जूनमध्ये नेहमीच वाढतो.

आपली मुलगी फक्त मुलींच्या विद्यापीठात शिकून ‘बुजरी’ होईल का, हा प्रश्न पालक खालच्या आवाजात विचारतात. अनुभव बरोबर उलटा आहे. वर्गप्रतिनिधीपासून नाटकाच्या प्रकाशयोजनेपर्यंत प्रत्येक काम मुलींनाच करावे लागते, आणि त्याची सवय टिकते. मात्र ज्या मुलीला स्वतःला मिश्र महाविद्यालयच हवे आहे, तिला समजूत घालून इथे पाठवू नये.

पुण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. कर्वे रस्त्यावरचे हे संकुल नळ स्टॉपच्या जवळ आहे आणि ज्या हिंगण्याकडे कर्वे पायी जात त्याच दिशेचा हा रस्ता आहे, त्यामुळे मूळ स्थानाचा मान त्याला भावनेने मिळतो. कला, वाणिज्य, गृहविज्ञान आणि रेखाचित्र-रंगकला ही त्याची बाजू. मुंबईत राहणाऱ्या मुलीने केवळ इतिहासाच्या ओढीने तिकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. रंगकला शिकायची असेल, किंवा मुंबईतील खोलीचे भाडे आणि पुण्यातील वसतिगृह यांच्या हिशेबात पुणे परवडत असेल, तर गोष्ट वेगळी. गृहविज्ञानासाठी जुहू आणि पुणे अशी खरी निवड उरते, आणि तिथे आपल्याला हवी असलेली शाखा कुठे आहे एवढेच पाहावे. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरलाही आता विद्यापीठाचे संकुल झाले आहे. विदर्भातील मुलींनी मुंबईचा विचार करण्याआधी त्याची माहिती घ्यावी.

पुण्याच्या बाबतीत एक गल्लत दरवर्षी होते. कर्वेनगरमधील महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था ही कर्व्यांच्याच आश्रमातून वाढलेली असली तरी ती एसएनडीटीहून स्वतंत्र आहे, आणि तिचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. ‘कर्व्यांच्या विद्यापीठातले अभियांत्रिकी’ हवे असेल तर ते जुहूला आहे. पसंतीक्रम भरताना संस्थेचे पूर्ण नाव, विद्यापीठ आणि संस्थेचा सांकेतिक क्रमांक ही तिन्ही ताडून पाहावीत.